कोसागणिक बदलणारा कोस

दरवर्षी २० मार्चच्या सुमारास जगातल्या आनंदी देशांची यादी जाहीर होते आणि ठरलेलं भांडण ठरल्या वेळी सुरू होतं. यादीत आपला देश खाली दिसला की एक गट म्हणतो, बघा, आरसा दाखवला की लोकांना राग येतो. दुसरा गट म्हणतो, ही यादीच बनावट आहे, सुख काय आकड्यांत मावतं? दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, पण लोकांना नेमकं काय विचारलं होतं ते वाचायची तसदी फारसं कुणी घेत नाही. विचारलेलं असतं ते एवढंच: शून्य ते दहा पायऱ्यांची एक शिडी डोळ्यांसमोर आणा. सर्वांत वरची पायरी म्हणजे तुमच्या दृष्टीने शक्य असलेलं सर्वांत चांगलं आयुष्य, सर्वांत खालची म्हणजे सर्वांत वाईट. सध्या तुम्ही कोणत्या पायरीवर उभे आहात असं तुम्हाला वाटतं? हॅडली कँट्रिल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात रूढ केलेली ही शिडी आहे. देशांचा क्रम फक्त या एका उत्तराच्या तीन वर्षांच्या सरासरीवर लागतो. उत्पन्न, आयुर्मान, भ्रष्टाचार वगैरे जे घटक बातम्यांत झळकतात, ते हा क्रम असा का लागला असावा याचा अंदाज बांधण्यासाठी वापरलेले असतात. थोडक्यात, आरसा खरा की खोटा यावर जे हमरीतुमरीवर येतात त्यांतल्या अनेकांनी आरसा पाहिलेलाच नसतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. एखादी प्रश्नावली निरनिराळ्या गटांत एकच गोष्ट मोजते का, या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दाचं उत्तर नाही. एकदा तपासावा आणि कायमचा शिक्का मारावा असा हा प्रश्नावलीचा अंगभूत गुण नव्हे. प्रत्येक तुलनेच्या वेळी नव्याने करावा लागणारा तो दावा आहे, आणि जो तुलना करतो त्याने तो सिद्ध करायचा असतो. ‘आमची पट्टी चुकते हे तुम्ही दाखवा’ हा उलटा न्याय झाला. मात्र पट्टी दोन गटांत वेगळी चालली म्हणून ती मोडून टाकायची आणि माणसांची तुलना होऊच शकत नाही असं म्हणून मोकळं व्हायचं, हा शुद्ध आळस आहे. पट्टी कुठे वाकते हे कळणं हीच बऱ्याचदा साऱ्या पाहणीतली सर्वांत कामाची माहिती असते.

दर बारा कोसांवर भाषा बदलते असं आपण म्हणतो. गंमत अशी की खुद्द कोसही बदलत असे. एका मुलखातला कोस दुसऱ्या मुलखात लांबत किंवा आखडत असे. राज्यक्रांतीपूर्वीच्या फ्रान्समध्येही हेच होतं. नाव एकच, पण कापड मोजायचं माप एका शहरात एवढं आणि पुढच्या शहरात त्याहून निराळं. धान्याच्या मापांचीही तीच तऱ्हा. याला कंटाळून १७९९ मध्ये प्लॅटिनमचा प्रमाण मीटर घडवला गेला, आणि १८७५ मध्ये १७ देशांनी मीटरच्या करारावर सह्या केल्या. त्या जुन्या गोंधळात मापात पाप करणारे होतेच, पण मूळ अडचण त्यांची नव्हती. प्रामाणिक व्यापाऱ्याने प्रामाणिकपणे मोजलं तरी दोन गावांचे आकडे जुळत नव्हते. यातून बाहेर पडायला एक साधा मार्ग होता: दोन्ही काठ्या शेजारी ठेवा आणि बघा. समाधान, विश्वास, नैराश्य, आत्मविश्वास यांच्या बाबतीत हाच मार्ग बंद आहे. दोन माणसांची मनं शेजारी ठेवून पाहता येत नाहीत. १९३२ मध्ये रेन्सिस लिकर्ट यांनी ‘पूर्णपणे सहमत’ ते ‘पूर्णपणे असहमत’ अशी पाच घरांची पट्टी सुचवली आणि मनोवृत्ती मोजणं एकदम सोपं झालं. सोपं झालं याचा अर्थ सगळीकडे एकच माप झालं, असं मात्र आपण परस्पर धरून चाललो.

यात नेमकं काय बिघडू शकतं, हे तापमापकाच्या उदाहरणाने चटकन कळतं. दोन गटांच्या हाती दोन तापमापक द्या, एक सेल्सिअसचा, दुसरा फॅरनहाइटचा, आणि एककाची खूण दोन्हींवरून खरवडून टाका. उष्णता दोन्ही मोजतात. ऊन वाढलं की दोन्हींतला पारा चढतो. पण एका अंशाचं मोल निराळं आहे, कारण सेल्सिअसचे १० अंश म्हणजे फॅरनहाइटचे १८. शिवाय सुरुवातही निराळी. पाणी एकीकडे ० ला गोठतं, दुसरीकडे ३२ ला. संशोधक मापनाच्या समतुल्यतेच्या ज्या तीन पायऱ्या सांगतात, त्या साधारण याच आहेत: मोजली जाणारी गोष्ट एक आहे का, एकक एक आहे का, आणि आरंभबिंदू एक आहे का. पहिली पायरी सांभाळली असेल तर प्रत्येक गटात ती गोष्ट कशाशी निगडित आहे एवढं बोलता येतं. दुसरीही सांभाळली असेल तर कुठे किती वाढ झाली याची तुलना करता येते. ‘या गटाची सरासरी त्या गटापेक्षा जास्त’ असं म्हणायला तिन्ही लागतात. आणि अनुभव असा की अनेक देशांत घेतलेल्या पाहण्या दुसऱ्या पायरीपर्यंत कशाबशा पोचतात, तिसरीवर बहुतेक वेळा घसरतात. वर्तमानपत्रांतली यादी मात्र नेहमी तिसऱ्या पायरीवरून छापली जाते.

आणि कधीकधी तर एका गटाच्या हाती तापमापकच नसतो, दुसरंच काहीतरी असतं. ‘बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो असं तुम्हाला वाटतं का?’ हा प्रश्न समाजातला परस्पर विश्वास मोजण्यासाठी गेली कित्येक दशकं जगभर विचारला जातो. पण ‘बहुतेक लोक’ म्हणजे कोण? काहींच्या डोळ्यांसमोर रस्त्यावरचा अनोळखी माणूस येतो, काहींच्या डोळ्यांसमोर आपले शेजारी आणि ओळखीपाळखीचे. यान डेल्हाय, केनेथ न्यूटन आणि ख्रिस्तियान वेल्त्सेल यांनी २०११ मध्ये ५१ देशांची आकडेवारी घेऊन हे वर्तुळ कुठे किती मोठं आहे ते तपासलं. चीनसारख्या देशात, जिथे विश्वास भरपूर दिसत होता, तिथे वर्तुळ बरंच लहान निघालं. तो आकडा खोटा नव्हता. तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर होता.

भाषांतर काळजीपूर्वक केलं की हे सुटेल, अशी एक भाबडी समजूत असते. तब्येतीच्या प्रश्नाला ‘उत्तम, चांगली, बरी, वाईट’ असे पर्याय दिले, आता ‘बरी’ म्हणजे नेमकं काय? आजारातून उठलेला माणूस ‘आता बरा आहे’ म्हणतो तेव्हा तो ठणठणीत झालेला असतो. तोच ‘तसा बरा आहे’ म्हणतो तेव्हा कुठेतरी काहीतरी दुखत असतं. एका भाषेच्या पोटात एवढा फरक, तर दहा भाषांत नेलेल्या त्याच पर्यायाची काय कथा? शिवाय शब्द अचूक असूनही प्रश्न हुकतो. शारीरिक क्षमतेच्या एका अतिशय प्रचलित प्रश्नावलीत मध्यम श्रमाची कामं म्हणून टेबल हलवणं, व्हॅक्यूम क्लीनर ढकलणं, बोलिंग किंवा गोल्फ खेळणं अशी उदाहरणं आहेत. ज्याने जन्मात गोल्फची काठी धरली नाही त्याने स्वतःच्या गुडघ्यांविषयी सांगायचं की कल्पनाशक्तीविषयी?

याहून अवघड गोष्ट अशी, की शब्द तोच, अर्थ तोच, तरी माणूस स्वतःला कुणाशी ताडून पाहतो हे बदललं की उत्तर बदलतं. मोनिका बिअरनाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये केलेला एक प्रयोग मला यासाठी फार आवडतो. लोकांना पुरुषांचे आणि स्त्रियांचे फोटो दाखवून उंचीचा अंदाज करायला सांगितलं. फूट-इंचांत सांगायचं तेव्हा पुरुष अर्थातच उंच ठरले. पण ‘ठेंगणी ते उंच’ अशा शब्दांच्या पट्टीवर खूण करायची तेव्हा तो फरक बराच आकसला, कारण ‘उंच’ म्हणताना प्रत्येक जण मनात ‘बाईच्या मानाने’ किंवा ‘पुरुषाच्या मानाने’ असं जोडून घेत होता. उंची ही डोळ्यांना दिसणारी गोष्ट. तिच्याबाबतही शब्दांची पट्टी इतकी लवचीक, तर ‘मी मेहनती आहे’ किंवा ‘मी समाधानी आहे’ या वाक्यांच्या मागे ‘कुणाच्या मानाने’ हे किती वेळा दडलेलं असेल?

हे नुसतं पंडिती कुतूहल नाही, हे अमर्त्य सेन यांनी आरोग्याच्या संदर्भात फार पूर्वी दाखवून दिलं. बंगालच्या दुष्काळानंतर १९४४ मध्ये कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात झालेल्या एका पाहणीचा दाखला ते देतात. विधुरांपैकी जवळजवळ निम्म्यांनी आपली तब्येत वाईट किंवा बेताची असल्याचं सांगितलं. विधवांमध्ये असं सांगणाऱ्या शंभरात दोन-तीन. त्या काळात, त्या समाजात विधवांची प्रकृती विधुरांपेक्षा इतकी ठणठणीत होती यावर कोण विश्वास ठेवेल? पुढे २००२ मध्ये सेन यांनी केरळ आणि बिहार यांची तुलना मांडली. ज्या केरळात लोक सर्वांत जास्त जगतात तिथेच आजारपणाची तक्रार सर्वांत जास्त, आणि बिहारमध्ये आयुर्मान कमी असून तक्रारही कमी. जिथे डॉक्टर आहे, शाळा आहे, तिथे दुखण्याला नाव असतं. जिथे नाही, तिथे तेच दुखणं म्हणजे ‘वय झालं’ किंवा ‘चालायचंच’. आता एखाद्या सरकारने लोकांच्या तक्रारीचा आकडा धरून आरोग्याचा पैसा वाटला, तर तो कुठे जाईल? ज्यांना आजार ओळखता येतो त्यांच्याकडे. ज्यांना तो ओळखायलाही शिकवलं गेलं नाही, ते आकडेवारीत धडधाकट ठरतील.

राजकारणातलं उदाहरण याहून झणझणीत आहे. गॅरी किंग आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सरकारच्या कारभारात तुमचं म्हणणं कितपत चालतं, असा प्रश्न चीन आणि मेक्सिकोत विचारलेला होता. सत्तर वर्षांहून अधिक काळ गादीवर असलेल्या पक्षाला मेक्सिकोच्या मतदारांनी २००० मध्ये मतपेटीतून घालवलं होतं. तरी आपलं म्हणणं जास्त चालतं असं सांगणारे चीनमध्ये अधिक निघाले! मग संशोधकांनी लोकांना काही काल्पनिक माणसांच्या गोष्टी वाचून दाखवल्या. एकाला पिण्याचं स्वच्छ पाणी मिळत नाही आणि त्याला मतही देता येत नाही; दुसरा त्याच प्रश्नावर मत देऊ शकतो; तिसरा इतरांना बरोबर घेऊन काही करू पाहतो. या माणसांचं म्हणणं कितपत चालतं, ते त्याच पट्टीवर सांगा. या उत्तरांमुळे प्रत्येकाची पट्टी उघडी पडली, आणि तिच्या हिशेबाने आधीचं उत्तर वाचलं तेव्हा क्रम उलटा झाला. अर्थात या युक्तीलाही तिची गृहीतकं आहेत: गोष्ट सर्वांना सारखीच समजली, आणि माणूस परक्याला जी पट्टी लावतो तीच स्वतःला लावतो. दुसरं गृहीतक मला तरी जरा भाबडं वाटतं. पण निदान ते उघडपणे मांडलेलं आहे, तपासता येतं. पट्टी सर्वांची एकच असते हे गृहीतक तर कुणी उच्चारतही नाही.

इतिहासात ही चूक केवढ्याला पडली याचं सर्वांत लख्ख उदाहरण प्रश्नावलीचं नसून बुद्धिमापनाचं आहे. पण तर्क तोच, म्हणून ते इथे सविस्तर सांगायला हवं. पहिल्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकी सैन्यात रॉबर्ट यर्क्स यांच्या देखरेखीखाली सतरा लाखांच्या आसपास सैनिकांच्या बुद्धीची चाचणी झाली. वाचता येणाऱ्यांसाठी एक चाचणी, न येणाऱ्यांसाठी चित्रांची दुसरी. पहिलीत एक प्रश्न असा होता: क्रिस्को हे काय आहे, औषध, जंतुनाशक, टूथपेस्ट की खाद्यपदार्थ? (उत्तर: खाद्यपदार्थ.) आणखी एक: क्रिस्टी मॅथ्यूसन कशासाठी प्रसिद्ध आहे? (तो बेसबॉल खेळाडू होता.) चित्रांच्या चाचणीत टेनिसचं मैदान दाखवून काय राहिलं ते काढायला सांगितलं होतं, राहिली होती जाळी. वर्षा-दोन वर्षांपूर्वी बोटीतून उतरलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल तर तो मंदबुद्धी! कार्ल ब्रिगम या मानसशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये हे आकडे घेऊन दक्षिण आणि पूर्व युरोपातून आलेले लोक उत्तर युरोपीयांपेक्षा बुद्धीने कमी आहेत, असा निष्कर्ष काढला. त्याच्याच तक्त्यात एक गोष्ट ठसठशीत होती. अमेरिकेत जितकी वर्षं काढली तितके गुण वाढत जात होते, आणि वीस वर्षं राहिलेले स्थलांतरित तिथेच जन्मलेल्यांच्या बरोबरीला येत होते. चाचणी अमेरिकेशी असलेली ओळख मोजते आहे, हे याहून स्पष्ट कोण सांगणार? ब्रिगमने मात्र अर्थ लावला की अलीकडे येणारे लोकच कमी प्रतीचे आहेत. १९२४ मध्ये देशागणिक वाटे ठरवून स्थलांतराला बांध घालणारा कायदा आला. तो केवळ या चाचण्यांमुळे आला असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. तो येणारच होता. पण त्या हवेला विज्ञानाचा सुगंध या आकड्यांनी दिला. १९३० मध्ये खुद्द ब्रिगमने जाहीर लेख लिहून अशा तुलनांना, आणि नाव घेऊन स्वतःच्या तुलनेला, काही आधार नव्हता हे मान्य केलं. याबद्दल त्याचं कौतुकच करायला हवं. वाट्यांची ती पद्धत मात्र १९६५ पर्यंत चालू राहिली.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे. ते हलके नाहीत, आणि माझ्या बाजूचे लोक ते उडवून लावतात याचा मला त्रास होतो.

पहिला मुद्दा: पट्ट्या इतक्या बेभरवशाच्या असत्या तर त्यांतून काहीच सुसंगत बाहेर आलं नसतं. पण शिडीवरचं उत्तर उत्पन्नाशी, आयुर्मानाशी, अडीअडचणीला कुणी असण्याशी नीट जुळतं. आनंदाच्या २०१८ च्या अहवालात तर फार बोलकं निरीक्षण होतं: स्थलांतरितांच्या उत्तरांवरून देशांचा क्रम लावला तरी तो स्थानिकांच्या उत्तरांवरून लागलेल्या क्रमासारखाच जवळजवळ येतो. उत्तर देण्याची ढब माणूस गाठोड्यात बांधून नेत असेल, तर असं व्हायला नको होतं. हा पुरावा मी मानतो. सर्वांत वरचे देश आणि सर्वांत खालचे देश यांतली दरी ही केवळ बोलण्याच्या पद्धतीची करामत आहे, असं म्हणणाऱ्यांना इथे गप्प बसावं लागेल. पण हा पुरावा किती दूर जातो? नव्या देशात गेलेला माणूस नवे शेजारी पाहतो, कधी नव्या भाषेत उत्तर देतो. त्याची पट्टीही तिथल्यासारखी होत जाणं अगदी शक्य आहे. शिवाय पहिल्या आणि शेवटच्या देशांतली दरी खरी ठरली म्हणून मधल्या गर्दीतल्या चाळिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या क्रमांकांतला फरक खरा ठरत नाही. हत्ती आणि उंदीर यांतला फरक कुठलाही काटा दाखवतो. दोन उंदरांतला फरक दाखवायचा तर काट्याची परीक्षा हवी. आणि शिडी या चित्राचंच बघा. ब्रिटनमधल्या प्रौढांवर केलेल्या २०२४ च्या एका अभ्यासात दिसलं की शिडी म्हटल्यावर लोकांच्या मनात पैसा आणि सत्ता जास्त येतात. शिडीचं रूपक काढून टाकलं की ते कमी होतं. मग उत्तर उत्पन्नाशी इतकं छान जुळतं त्यात शिडीचा वाटा किती?

दुसरा मुद्दा वेल्त्सेल यांचा. विश्वासाचं वर्तुळ मोजणाऱ्या त्या तिघांतले हेच. रोनाल्ड इंगलहार्ट यांच्यासोबत २०१६ मध्ये आणि नंतरही त्यांनी हिरिरीने मांडलं की समतुल्यतेचा बाऊ केला जातो. पन्नास देशांत प्रश्नांची आपसातली वीण, म्हणजे कोणतं उत्तर कोणत्या उत्तरासोबत किती येतं ते, तंतोतंत सारखी असावी, ही अटच चुकीची. अनेक निर्देशांक हे वेगवेगळ्या गोष्टींची बेरीज असतात. त्या गोष्टी आपसांत सगळीकडे सारख्याच बांधलेल्या असण्याचं कारण नाही. बेरीज बाहेरच्या जगाशी, म्हणजे उदाहरणार्थ लोकशाहीच्या प्रत्यक्ष स्थितीशी, जुळते का ते बघा. यात तथ्य आहे. महागाईचा निर्देशांक काढताना त्यातल्या सगळ्या वस्तूंचे भाव एकत्र हलतात का, हे कुणी विचारत नाही. पण बाहेरच्या जगाशी जुळणं हा एकटा साक्षीदार पुरत नाही, कारण पक्षपाती पट्टीही बाहेरच्या जगाशी सुरेख जुळू शकते. ब्रिगमचे गुण अमेरिकेतल्या वर्षांशी किती छान जुळत होते! आणि कधी जुळणी उलटीही पडते. शालेय विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय पाहण्यांत एक जुनं कोडं आहे. कुठल्याही एका देशात पाहिलं तर ज्यांना विषयाची गोडी आणि आत्मविश्वास जास्त, त्यांचे गुण जास्त. पण देशांच्या सरासऱ्या शेजारी ठेवल्या की सर्वाधिक गुणांचे देश गोडीत आणि आत्मविश्वासात खाली दिसतात. जपान आणि कोरिया ही ठळक नावं. बाहेरच्या निकषाला प्रमाण मानायचं, तर गोडी कमी केल्याने गुण वाढतात असं धोरण आखायचं का?

तिसरा मुद्दा वरवर पाहता निरुत्तर करणारा आहे: गटच कशाला, दोन सख्ख्या भावंडांच्या पट्ट्याही एक नसतात, मग कुठे थांबायचं? खरंच आहे. पण व्यक्तीव्यक्तींमधले फरक इकडेतिकडे विखुरलेले असतात आणि हजार माणसांच्या सरासरीत बरेचसे एकमेकांना खोडतात. गटाने मिळून एकाच दिशेला झुकलेली पट्टी खोडली जात नाही. नमुना दसपट केला तर तीच चूक दसपट आत्मविश्वासाने छापली जाते.

विरोधकांना एवढं सांगितल्यावर स्वकीयांनाही दोन शब्द. विद्यापीठांतल्या संशोधनात समतुल्यता तपासणं हा आता एक विधी झाला आहे. संगणकाला आकडे द्यायचे, सगळ्या गटांची पट्टी एकच आहे असं धरल्यावर ते धरणं आकड्यांशी किती जुळतं याचा एक निर्देशांक ०.०१ पेक्षा जास्त घसरला नाही की ‘समतुल्यता सिद्ध’ लिहायचं आणि पुढे जायचं. हा उंबरठा २००२ मधल्या एका अभ्यासातून आला, आणि तो दोन गटांच्या कृत्रिम आकडेवारीवर बेतलेला होता. लोक तो तीस-चाळीस देशांना लावतात. त्याहून मूलभूत दोष वेगळाच आहे. समजा एका गटातली माणसं संकोचापायी प्रत्येक प्रश्नाला एक घर खालचं उत्तर देतात. सगळेच प्रश्न सारखे खाली सरकले, तर प्रश्नांची आपसातली वीण जशीच्या तशी राहते. चाचणी आनंदाने पास होते आणि संगणक सांगतो की हा गट कमी समाधानी आहे. म्हणजे झुकाव जितका सर्वव्यापी, तितका तो या चाचणीला कमी दिसतो. नापास होण्याचीही तीच गोष्ट. नमुना प्रचंड असेल तर काडीइतका फरकही ‘लक्षणीय’ ठरतो, आणि ज्याने निष्कर्ष तसूभरही हलला नसता त्यासाठी चांगली पाहणी टाकून दिली जाते.

चाचणीने शिक्का मारण्याऐवजी बोट दाखवावं, एवढंच तिचं काम. नैराश्याच्या प्रश्नावल्यांत ‘मला रडू येतं’ असं एक विधान असतं. तितकंच नैराश्य असलेल्या स्त्री-पुरुषांत स्त्रिया या विधानाला जास्त वेळा होकार देतात. त्या जास्त खचलेल्या असतात म्हणून नाही. रडायची मुभा दोघांना सारखी मिळालेली नाही म्हणून. अमेरिकेतल्या वृद्धांच्या पाहणीत ‘लोक माझ्याशी तुटकपणे वागतात’ या विधानाला कृष्णवर्णीयांचा होकार, नैराश्य सारखं असतानाही, जास्त निघाला. हे नैराश्याचं लक्षण म्हणून गुणांत धरायचं की त्यांच्या वाट्याला येणाऱ्या वागणुकीची नोंद म्हणून? विधान गाळलं तर तुलना शुद्ध होईल. पण ज्याने ते गाळताना काय सापडलं हे लिहून ठेवलं नाही, त्याने हातचं निरीक्षण केरात टाकलं.

ज्यांना रोजच्या कामात पट्टी वापरायची होती त्यांनी हे फार आधी ओळखलं. बाळंतपणानंतरचं नैराश्य मोजण्यासाठी १९८७ मध्ये एडिंबरोला दहा प्रश्नांची पट्टी तयार झाली, तेव्हा नैराश्याच्या प्रश्नावल्यांत हमखास येणारी शारीरिक लक्षणं त्यात जाणूनबुजून टाळली. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला थकवा असणारच, तिच्या अंगातलं बळ गेलेलं असणारच. त्यावरून तिचं मन कसं कळणार? उलट १९६९ मध्ये वृद्धांची स्वावलंबनाची पट्टी करताना लॉटन आणि ब्रोडी यांनी स्वयंपाक, घरकाम आणि कपडे धुणं यांचे गुण फक्त स्त्रियांना लावले. पुरुषांना पाच बाबी, स्त्रियांना आठ. आज हे वाचून हसू येतं. पण जो पुरुष आयुष्यात कधी चुलीपुढे गेला नाही त्याला ‘स्वयंपाक करू शकत नाही’ म्हणून परावलंबी ठरवणं, हेही चुकीचंच झालं असतं. गटागणिक पट्टी वेगळी ठेवली तर तुलना जाते, एकच ठेवली तर अर्थ जातो. या कात्रीतून सुटायला गणिती सूत्र नाही. काय हवं आहे ते आधी ठरवावं लागतं. त्या वृद्धाला घरी एकटं सोडता येईल का, हा प्रश्न असेल तर स्वयंपाक मोजायलाच हवा, मग तो कधी शिकला असो वा नसो. त्याचा मेंदू वर्षभरात किती उतरला हा प्रश्न असेल, तर जे तो कधीच करत नव्हता ते मोजून काय हाती लागणार?

म्हणून ‘ही पट्टी सगळीकडे चालते का’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, कशासाठी? एकाच रुग्णाला उपचारापूर्वी आणि नंतर तीच प्रश्नावली द्यायची असेल तर दुसऱ्या देशातल्या माणसाची पट्टी कशी आहे याच्याशी त्या डॉक्टरला कर्तव्य नाही. (त्या रुग्णाची स्वतःची पट्टी मधल्या काळात बदलली का, एवढं मात्र पाहावं लागेल. मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाची ‘वाईट दिवस’ ही कल्पनाच पालटलेली असते.) एखाद्या समाजात एकटेपणा आणि आजारपण यांचा संबंध तपासायचा असेल तर आरंभबिंदूशिवाय भागतं. पण दोन गटांपैकी कुणाला निधी द्यायचा, कुणाला प्रवेश द्यायचा, कुणाला मागास म्हणायचं हे त्या आकड्यावर ठरणार असेल, तर पट्टीची परीक्षा आधी आणि आकडा नंतर.

२०२५ च्या आनंदाच्या यादीत फिनलंड ७.७३६ गुणांनी पहिला आहे. तीन दशांश स्थळांपर्यंत. अहवालवाले अप्रामाणिक नाहीत. आकड्यासोबत चूकभूल किती असू शकते त्याचा पल्लाही ते देतात. पण तो पल्ला माणसं थोडीच विचारली यामुळे येणाऱ्या चुकीचा असतो. शिडी फिनिश माणसाच्या मनात कुठे टेकलेली आहे आणि दुसऱ्या कुणाच्या मनात कुठे, याची चूकभूल त्यात धरलेली नसते. ती धरली तर तिसरा दशांश नक्की जाईल, दुसराही बहुधा जाईल, आणि यादीच्या मधल्या भागात पंधरा-वीस देश एकाच ओळीत लिहावे लागतील. अशी यादी छापायला कुठलं वर्तमानपत्र पहिलं पान देईल, हा प्रश्न वेगळा.